चोखणी सुटताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विषय होऊन गेले. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हापासूनचा छत्तीसगडातील मराठी माणसाचा इतिहास येथे सांगितला गेला. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, त्यावर एक संध्याकाळ रंगली. अशा पंक्तीत आमचेही पान मांडले गेले आणि विषय विचारला गेला, तेव्हा आम्ही 'चोखणी' असे सांगितले. दूरध्वनीवर चिटणिसांनी ते 'चाचणी' असे ऐकले आणि पहिल्या सूचनापत्रकात तसेच छापले. त्यामुळे आज परीक्षेच्या तयारीविषयी ऐकायला जे विद्यार्थी आले असतील, त्यांची आम्ही प्रथम क्षमा मागतो.

चोखणी म्हणजे तान्ह्या मुलाच्या तोंडात देतात ते रबराचे किंवा सिलिकॉनचे बोंड. आपल्या रायपूरच्या बाजारात तिला चुसनी म्हणतात. ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. पन्नास वर्षांत या सभागृहात किती नाटके झाली, किती गाण्याच्या बैठकी झाल्या, आणि प्रत्येक वेळी मागच्या रांगेत कुणाचे तरी मूल रडू लागले की शेजारचे माणूस हळूच म्हणते, "अहो, तोंडात काहीतरी द्या त्याच्या." आपल्या कार्यक्रमांच्या यशात चोखणीचा वाटा मोठा आहे. इतिवृत्तात मात्र तिचा उल्लेख कोठे आढळत नाही, तो आज व्हावा.

विनोद बाजूस ठेवून सांगावयाचे तर आमच्या नातीची चोखणी सोडवताना आम्हा उभयतांना जे शिकावे लागले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच हेतू आहे. आम्ही वैद्य नाही. आजोबा-आजी एवढीच आमची पदवी. आणि या प्रकरणात आमच्या हातून एक मोठी चूकही झाली, ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

आमच्या घरी चोखणी कशी आली ते आधी सांगतो. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि नागपूर-विदर्भाकडची अनेक कुटुंबे या बाजूस आली, तशीच आमचीही आली. आज मुलगा रायपुरात नोकरी करतो आणि सूनबाई सकाळच्या लोकलने भिलाईस जातात. नात पाच महिन्यांची झाली आणि सूनबाईंची रजा संपली. पहिल्या दिवशी त्या दाराबाहेर पडल्या आणि मुलीने जो आकांत मांडला तो दुपारपर्यंत थांबला नाही. आम्ही मांडीवर घेतले, पाळण्यात झुलवले, खिडकीतून कावळे-चिमण्या दाखवल्या. अखेर आमच्यापैकी एक जण मालवीय रोडवर गेला आणि वीस मिनिटांत एक निळी चोखणी घेऊन आला. ती उकळून, निववून तोंडात दिली. मूल गप्प झाले. घरात जी शांतता पसरली ती आम्हाला इतकी गोड वाटली की दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी दोन चोखण्या आणून ठेवल्या.

यात आमचे फार चुकले असे आम्ही म्हणत नाही. चोखणे ही मुलाला कोणी लावलेली खोड नव्हे. ती उपजत प्रवृत्ती आहे. गर्भातील मूल अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. भूक भागवण्यासाठी चोखणे वेगळे आणि मन शांतवण्यासाठी चोखणे वेगळे; दुसऱ्या प्रकाराने मुलाचा श्वास संथ होतो, अंग सैल पडते, झोप येते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना दूध ओढण्याची सवय व्हावी म्हणून रुग्णालयांतही चोखणीचा उपयोग करतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ पासून असे सांगितले आहे की झोपेच्या वेळी चोखणी दिल्यास पहिल्या वर्षातील आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो. मात्र अंगावर पाजणे नीट बसल्यानंतरच ती द्यावी. उलट जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी ज्या दहा पायऱ्या सांगितल्या, त्यांत अंगावर पिणाऱ्या मुलाला चोखणी देऊच नये असे होते. २०१८ साली ती पायरी सुधारून, आईला तिच्या वापराची आणि धोक्यांची नीट माहिती द्यावी, असे सांगण्यात आले. म्हणजे जाणकारांनीही या लहानशा वस्तूविषयी आपले मत तपासून पाहिले आहे. ती सर्वस्वी वाईट नाही आणि सर्वस्वी निर्दोषही नाही.

ती नवीही नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५०६ साली काढलेल्या माता-बालकाच्या एका चित्रात मुलाच्या हाती कापडाची चोखण्याची पुरचुंडी आहे. मूल गप्प ठेवण्याचे आपल्याकडील उपाय तर याहून फार कठोर होते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळगोळी देत. त्या काही निर्दय नव्हत्या. दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे आणि घरी मुलाला पाहायला कोणी नाही, अशी त्यांची स्थिती होती. मूल निजून राही, आणि काही मुले पुन्हा उठत नसत. हे आम्ही एवढ्यासाठी सांगितले की मुलाला गप्प करणारी वस्तू बहुधा मोठ्यांच्या अडचणीतून घरात येते. मुलाला तिची गरज पुष्कळदा नंतर लागते.

आता पुढची हकीकत. नात वर्षाची झाली, दीड वर्षाची झाली; चोखणी तोंडातून सुटेना. त्या हिवाळ्यात दोनदा तिचा कान दुखून फुटला. कान आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते. लहान मुलात ती आखूड आणि आडवी असते, आणि सतत चोखण्याने कानाच्या दुखण्याला मदत होते असे डॉक्टरांनी समजावले. फिनलंडमधील बालआरोग्य केंद्रांत पालकांना एवढेच सांगून पाहिले की चोखणी फक्त झोप लागताना द्या. तेवढ्याने कानाच्या विकाराचे प्रमाण सुमारे तीन-दशांशाने घटले, असे २००० साली प्रसिद्ध झाले आहे. दातांचेही तेच. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत सवय टिकली तर पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकेनासे होतात, टाळू अरुंद होते. वेळीच सवय सुटली तर पुष्कळ मुलांत हे आपोआप सुधारते.

परंतु आमची खरी चिंता वेगळी होती. नात दोन वर्षांची झाली तरी बोलेना. या वयात पुष्कळ मुले दोन शब्द जोडू लागतात. हिच्याजवळ मोजून आठ-नऊ शब्द, तेही अर्धे. आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. परमुलखात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येक घराने हा सल्ला ऐकला असेल : "घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी, दूरदर्शनवर हिंदी, पुढे शाळेत इंग्रजी, पोरीचा गोंधळ उडतो आहे. एक भाषा ठेवा. मराठी सोडा, ती काय कामाची?" सांगणारी माणसे आपलीच, हितचिंतकच. आम्ही घाबरलो. खरे सांगतो, आठ दिवस आम्ही आपल्या नातीशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोललो. आजीने नातीला "इधर आओ" म्हणावे आणि नातीने वळूनही पाहू नये, असे ते आठ दिवस होते.

त्यातून आम्हाला सोडवले ते आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंनी. एके दिवशी भांडी विसळता विसळता त्या आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या, "मुँह म चुसनी हे, त कइसे गोठियाही?" तोंडात चोखणी आहे, तर बोलणार कशी? छत्तीसगढीत बोलण्याला गोठियाना म्हणतात. आपल्या 'गोष्टी'चेच ते भावंड. चार भाषांना दोष देऊन झाला होता. ज्या तोंडातून भाषा यायची त्या तोंडाकडे मात्र आम्ही पाहिलेच नव्हते.

डॉक्टरांनी प्रथम श्रवणाची तपासणी करून घेतली. ऐकणे नीट होते. ही तपासणी कोणीही टाळू नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कान आधी पाहावेत. मग त्यांनी स्पष्ट सांगितले की दोन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही. त्याचे शब्द मोजताना सर्व भाषांतले मिळून मोजावेत, आणि घरची भाषा तर मुळीच सोडू नये. कारण मोठी माणसे ज्या भाषेत मोकळेपणी बोलतात तीच मुलाला भरपूर ऐकायला मिळते. चोखणीने बोलणे लांबते काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "जागेपणी तिचे तोंड किती वेळ रिकामे असते?"

आम्हाला उत्तर देता येईना. घरी येऊन आम्ही भिंतीवरच्या 'कालनिर्णय'च्या मागच्या कोऱ्या जागेत एका दिवसाची नोंद केली. नात जागी होती साडेअकरा तास. त्यांतले सात तास चोखणी तोंडात होती. दिवसभरात ती एकोणीस वेळा तोंडात गेली. त्यांतल्या सहा वेळा नातीने मागितली होती. उरलेल्या तेरा वेळा ती आम्ही दिली होती. कुकरची शिट्टी व्हायची होती म्हणून, बातम्या लागल्या होत्या म्हणून, दूरध्वनी आला म्हणून, पूजा चालली होती म्हणून, आणि दोनदा तर काहीच कारण नसताना, केवळ ती रडेल या भीतीने.

बंधुभगिनींनो, ती नोंद पाहून आम्ही उभयता बराच वेळ गप्प बसलो. सवय नातीला लागली होती; तिच्याहून अधिक आम्हाला.

एवढे कळल्यावर माणसाने शहाणपणाने वागावे. आम्ही तसे वागलो नाही. आम्हाला घाई झाली. आपल्याकडे मुलाचे अंगावरचे तोडताना कडुनिंबाचा पाला वाटून किंवा कोरफडीचा गर लावण्याची जुनी रीत आहे. आमच्या आयांनी ती वापरली, त्यांच्या आयांनी वापरली. तेव्हा आम्हीही एका दुपारी चोखणीला कडुनिंब वाटून लावला आणि नातीच्या हाती दिली. आम्हीच दिली, हे लक्षात घ्यावे. तिने ती नेहमीप्रमाणे विश्वासाने तोंडात घातली. तिचा चेहरा वाकडा झाला. आम्हाला वाटले, आता रडेल, फेकून देईल आणि काम होईल. ती रडली नाही. तिने चोखणी हातात धरली आणि आमच्या तोंडाकडे पाहिले. काही वेळ नुसते पाहिले.

त्या रात्री तिने दूध घेतले नाही. आणि पुढचे चार दिवस ती आमच्या हातचा प्रत्येक घास तोंडात घेण्याआधी हुंगून पाही. वरणभाताचा, शिऱ्याचा, केळ्याचाही. बोलता न येणाऱ्या मुलाने आमच्यावर ठेवलेला तो आरोप होता, आणि तो खरा होता.

कोणाच्या आईने वा आजीने अशा रीतीने मूल तोडले असेल तर तिला नावे ठेवण्याचा आमचा उद्देश नाही. त्या काळी घरात दहा माणसे होती. एकीने कडू लावले तर दुसरीच्या मांडीवर मूल जाऊन बसे. आमच्या नातीला दिवसभर आम्ही दोघेच. आम्हीच कडू झालो तर तिने जावे कोठे?

तेव्हा आम्हाला ताराबाई मोडकांचे स्मरण झाले. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारला आणि पुढे १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीने खेड्यातील मुलांसाठी बालवाडी सुरू केली. या मंडळींनी शिक्षा आणि बक्षीस दोन्ही बालमंदिराच्या दाराबाहेर ठेवली होती. मुलाला भिववू नये, फसवू नये आणि लाचही देऊ नये, हे आम्ही पुष्कळदा वाचले होते, सभांतून ऐकलेही होते. स्वतःच्या घरात मात्र कडुनिंब वाटायला बसलो होतो.

चोखण्या आम्ही नातीदेखत धुतल्या. तिला मांडीवर घेऊन सांगितले, "आम्ही कडू लावले होते. आमचे चुकले. आता लावणार नाही." तिला किती समजले कोण जाणे. आम्हाला ते म्हणणे आवश्यक होते.

मग आम्ही नव्याने आरंभ केला, आणि या वेळी सवय सोडायची पाळी प्रथम आमची होती. नियम एकच केला : मागितल्यावाचून चोखणी द्यायची नाही. दिवसाच्या एकोणीस वेळा होत्या, त्यांच्या सहा-सात झाल्या. मुलीला काही कळण्यापूर्वीच दोन-तृतीयांश चोखणी सुटली. दुसरा टप्पा, चोखणीला घर दिले. पितळेची एक जुनी डबी होती, ती तिच्या उशाशी ठेवली. चोखणी तेथे राहील, अंगणात, बागेत, बूढा तलावावर फिरायला येणार नाही. हवी असेल तर अंथरुणावर जाऊन घ्यायची. खेळ सोडून अंथरुणावर जाणे मुलांना फारसे रुचत नाही, त्यामुळे दिवसाची चोखणी महिनाभरात बहुतेक संपली. तिसरा टप्पा दुपारच्या झोपेचा. तेथे चोखणीच्या जागी काहीतरी देणे भाग होते. कारण मुलाच्या हातातून वस्तू काढून तेथे पोकळी ठेवली तर ते अंगठा शोधते, आणि अंगठा काही डबीत ठेवता येत नाही. आम्ही पाठ थोपटली, अंगाई म्हटली, जुन्या लुगड्याच्या गोधडीचा मऊ कोपरा तिच्या मुठीत दिला. विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५३ साली लिहिले की आईपासून हळूहळू वेगळे होताना मूल अशी एखादी मऊ वस्तू जवळ धरते आणि तिच्या आधाराने तो पूल ओलांडते. आमच्या नातीने ती गोधडी धरली. ती अजूनही आहे. तिने दात बिघडत नाहीत आणि बोलणेही अडत नाही.

येथे सूनबाईंविषयी सांगितले पाहिजे. हे सारे आम्ही त्यांना विचारून करत होतो, तरी रात्रीची चोखणी बंद करण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्या ताटावरून उठून गेल्या. नंतर म्हणाल्या, "आई, दिवसभर मी नसते. निदान तिची चोखणी तरी असू दे." आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्या संध्याकाळी काहीही ठरवले नाही. दोन आठवडे थांबलो. मग त्यांनीच एक मार्ग काढला : रात्री मुलीला झोपवण्याचे काम आपल्याकडे घेतले. घरी आल्यावर स्वयंपाक आम्ही पाहू लागलो आणि त्या साडेसातपासून मुलीपाशी बसू लागल्या. लोकलमध्ये काय पाहिले, कोण भांडले, खारूनच्या पुलावर गाडी किती वेळ थांबली, हे सारे त्या मुलीला मराठीतून सांगत. दोन वर्षांत चोखणीने जे काम केले ते आता आई करू लागली. घरातल्या कोणाचाही विरोध असताना हे काम करू नये. एकाने बंद करायचे आणि दुसऱ्याने लपून द्यायची, यातून मूल फक्त लपवाछपवी शिकते. तसेच मूल आजारी असताना, घर बदलताना किंवा धाकटे भावंड येण्याच्या सुमारास हा प्रश्न हाती घेऊ नये.

राहता राहिला शेवटचा निरोप. आपल्याकडे वस्तू नाहीशी केली की मुलाला सांगतात, "काऊने नेली." आम्हाला काऊवर आळ घ्यायचा नव्हता. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्ग उद्यानात एक झाड आहे; मुले आपली चोखणी आपल्या हातांनी त्या झाडावर टांगून तिचा निरोप घेतात. आपल्याकडे असे झाड नाही, पण सण आहेत. विदर्भातून आलेल्या आपल्या घरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो, मुले लाकडी बैल घेऊन निघतात. येथील छत्तीसगढी घरांतही त्याच अमावास्येला पोरा असतो; रायपूरच्या बाजारात मातीचे नंदिया बैल आणि मुलींच्या भातुकलीची मातीची भांडी यांचे ढीग लागतात. आम्ही महिनाभर आधी कालनिर्णयवर त्या दिवसाभोवती गोल काढला आणि नातीला रोज दाखवला : या दिवशी तू मोठी होणार, चोखणी डबीत झोपणार. बैल मात्र चोखणीच्या मोबदल्यात नव्हता. चोखणी दिली वा न दिली, बैल मिळणारच, हे आम्ही तिला आधीच सांगितले होते.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी तिने चाकांच्या मातीच्या बैलावर ती पितळी डबी ठेवली. बैल ओढत ओढत कपाटापर्यंत नेला. डबी दोनदा पडली, तिने दोनदा उचलून ठेवली. कपाटाचे दार तिनेच लावले.

त्या रात्री ती सव्वा तास रडली. सूनबाई तिच्याजवळ बसून होत्या, आम्ही बाहेरच्या खोलीत होतो. दोनदा आमच्यापैकी एक जण कपाटाकडे निघाला आणि दुसऱ्याने हात धरला. दुसऱ्या रात्री अर्धा तास. तिसऱ्या रात्री ती गोधडीचा कोपरा धरून, थोडी मुसमुसून झोपली. कपाटाकडे तिने बोट दाखवले की आम्ही म्हणत असू, "हो, तेथे आहे. आता बाहेर येणार नाही." खोटे एकदाही बोललो नाही.

घरोघरी उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देऊ नये. साखरेने दुधाचे दात किडतात, आणि वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवल्यास बोट्युलिझमसारखा गंभीर विकार होऊ शकतो. ती दोऱ्याने गळ्यात बांधू नये. फास बसण्याचा धोका असतो. बाटलीच्या बोंडात कापूस भरून घरगुती चोखणी करू नये. चिरलेली चोखणी ताबडतोब टाकून द्यावी. सहा महिन्यांनंतर ती झोपेपुरती ठेवावी आणि तिसऱ्या वर्षाच्या आत हळूहळू सोडवावी. मोठ्या मुलाला इतरांसमोर "एवढी घोडी झाली तरी" असे म्हणून लाजवू नये. लाजलेले मूल चोखणी सोडत नाही, पांघरुणात शिरून चोखते.

नात बोलू लागली काय, हे आपण विचाराल. चोखणी सुटली म्हणून बोलू लागली, की वय झाले म्हणून, की आई रोज तासभर बोलू लागली म्हणून, हे आम्ही सांगू शकत नाही. तिचे तोंड रिकामे झाले आणि आमचे कान रिकामे झाले, एवढे खरे. तान्ह्या पोळ्यानंतर तीनच दिवसांनी गणपती आले. अनंत चतुर्दशीला आम्ही तिला महादेव घाटाजवळ विसर्जनास नेले. गर्दीत आमच्या खांद्यावर बसून तिने मूर्ती पाण्यात जाताना पाहिली. शेजारच्या एका बाईंनी तिला लाडाने हिंदीत विचारले, बाप्पा का जात आहेत? तिने थोडा विचार केला आणि स्वच्छ मराठीत उत्तर दिले, "बाप्पा मोठा झाला."

तिच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते पहिले पूर्ण वाक्य.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. पुढील कार्यक्रमात मागच्या रांगेत एखादे मूल रडू लागले, तर आपण सर्वांनी ते थोडा वेळ रडू द्यावे, वक्त्यांनी थोडे थांबावे, आणि जवळच्या कोणीतरी त्याला उचलून घेऊन त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.